अनुभव धागा: कॉलेजची फी, दाखले आणि घरातला हिशेब

वर्तकनगर, ठाणे (धागा मीच काढतेय)
बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा?" तोवर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून हा धागा. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा.

माझं आधी. लेक इंजिनिअरिंगला, ईडब्ल्यूएसमधून (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक). जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय आला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून. आम्ही पेढे आणले. मग कॉलेजची पावती पाहिली. डेव्हलपमेंट फी वेगळी, ती भरायचीच. पावतीवरची 'शिक्षण शुल्क' ही ओळ शोधा, माफी तिच्यावर आहे, खालच्या बेरजेवर नाही.

आणि हो, लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी ह्यांचा फॉर्म सोळा (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. माझ्या शिकवण्यांचे पैसे धरायचे की नाही, यावरून घरात दोन दिवस अबोला. धरायचे. आईवडील दोघांचं मिळून उत्पन्न लागतं.

कोपरखैरणे, विद्यार्थी
बाबा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. मी ओपनमधून, त्यामुळे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, म्हणजे शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम. कॉलेजने सुरुवातीला पूर्ण फी मागितली. बाबांच्या टोळीतल्या लोकांनी पाच-पाच हजार काढून दिले, कुणी चिठ्ठीसुद्धा लिहून घेतली नाही.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज मंजूर दिसायचा, पैसे मात्र कुठेच नाहीत. चार महिने रोज पासबुक छापून आणायचो. शेवटी बँकेतल्या ताईंनी विचारलं, "आधार कुठल्या खात्याला जोडलंय?" तेव्हा आठवलं, गावी माणला आजीने माझं एक खातं उघडून ठेवलं होतं. पैसे तिकडे जाऊन पडले होते! आपण सांगू त्या खात्यात पैसे येत नाहीत, आधार शेवटचं जिथे जोडलं तिथे येतात. आजी म्हणाली, "मला वाटलं सरकारने म्हातारीची पेन्शन वाढवली."

खारघर, एक वडील
थोडक्यात सांगतो. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहितो म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रजा टाकून ठाण्याला गेलो. तिथे कळलं, ऐरोली ते बेलापूर ठाणे तालुका, खारघर मात्र पनवेल तालुका, जिल्हा रायगड. परत या. एक दिवस गेला, वर बायकोचं "मी सांगत होते" आयुष्यभर.

ऐरोली, कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर बसणारी
खिडकीच्या आतून लिहिते. दर वर्षी ओबीसी पालक नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र (सधन गटात नसल्याचं) दाखवून म्हणतात, "मॅडम, आम्ही बसतो." नॉन-क्रीमी लेयर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या ८ लाखांत सगळं धरतात. म्हणजे ते प्रमाणपत्र असूनही अर्ज बाद होऊ शकतो. एससी मुलांच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाख, तीही वेगळी. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश असेल तर शाहू महाराज योजनेचा विषयच संपला. आणि हे कळतं कधी, तर प्रवेश घेऊन झाल्यावर.

पण सगळ्यात जास्त अर्ज कशाने अडकतात? मोबाइल नंबरने. अर्ज सायबर कॅफेत भरतात आणि तिथलाच नंबर टाकून येतात. मी त्रुटी दाखवून अर्ज परत पाठवते, मेसेज जातो कॅफेवाल्याला. तो कशाला सांगतोय? मूल मार्चमध्ये येऊन विचारतं, "माझं काय झालं?" दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं हेही निम्म्या मुलांना ठाऊक नसतं.

कळवा, आई
आमच्या मुलाला अभिमत (डीम्ड) विद्यापीठात जागा मिळाली. तिथे शाहू महाराज योजना लागू नाही, म्हणून कर्ज. शाखेत पहिलंच वाक्य, "एफडी आहे का?" चार लाखांपर्यंत तारण लागत नाही हे मी वाचून गेले होते, तरी तोंडातून शब्द फुटेना. मुलानेच विचारलं, "सर, हे लेखी देता का?" मग गाडी विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवरच्या अर्जावर आली.

एक चांगलं केलं. सही करण्याआधी तिघं स्वयंपाकघरात बसलो आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. शिक्षण सुरू असताना साधं व्याज चढतं, ते तेव्हाच भरत गेलं तर पुढचा हप्ता हलका होतो. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली घेतली तरच, आणि आमच्या ह्यांनी त्याच वर्षी नवी निवडली होती. बोलले नाही काही.

व्याज आता मुलगाच भरतो, दहावीच्या दोन मुलांची गणितं घेऊन. पान अजून फ्रिजवर आहे. भरलं की तो त्यावर टिक करतो, मागच्या महिन्याची टिक मात्र माझ्या पेनाची आहे.