सरावाला न येणाऱ्याने रविवारी माइकवर गाऊ नये : पटते का?

पांढरी दोन
आमच्या देवळाच्या गायकवृंदात नवा नियम यायच्या बेतात आहे. शनिवारच्या सरावाला जो नव्हता, त्याने रविवारच्या मिस्साला (म्हणजे कॅथलिक उपासनेला) माइकसमोर उभे राहायचे नाही. बाकावर बसून हवे तितके गावे. मी या नियमाच्या बाजूने आहे आणि त्यामुळे निम्मा वृंद माझ्याशी कामापुरताच बोलतो.

सराव चुकवणाऱ्याचा गळा वाईट असतो असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तोच सगळ्यांत चांगला असतो, म्हणून तर त्याला वाटते, आयत्या वेळी गेलो तरी निभेल. पण शनिवारी आम्ही गाणे शिकत नसतो, ठरवत असतो. ध्रुवपद एकदा की दोनदा, श्वास कुठे घ्यायचा, फादर वेदीपाशी पोचल्यावर कोणत्या कडव्याला थांबायचे. हे ठाऊक नसलेला सुरेल माणूस बेसुऱ्यापेक्षा जास्त घोळ घालतो, कारण लोक त्याच्या मागे जातात.

तक्रारी आणखीही आहेत. प्रवचन चालू असताना वादकांच्या कोपऱ्यात मोबाइल चमकतात. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची शांतता कुणाला सोसवत नाही, की-बोर्डवर काहीतरी बारीक वाजतच राहते. पण आधी सरावाचे बोला.

नाताळचा ढोलकीवाला
नियम करणाऱ्यांची शनिवारी सुट्टी असते, हे आधी मान्य करा. माझी दुपारची पाळी. चर्चगेटहून गाडी पकडून घरी येईपर्यंत तुमचा सराव आटोपून चहासुद्धा झालेला असतो. ढोलकीला शाई भरायची तर पैसे माझे, पावसाळ्यात पान उतरले तर डोकेदुखी माझी. त्याबद्दल कधी कुणाकडे हात पसरला नाही. आता वर हजेरीपट पण? कंपनीत पगार तरी कापतात, इथे कापायला आहे काय?

आणि दादा, तुम्ही ज्याला घोळ म्हणता तो चार माणसे एकमेकांकडे बघून वाजवत असली की होत नाही. आमच्यात कोण कुणाकडे बघतो? सगळे स्टँडवरच्या मोबाइलकडे.

पांढरी दोन
पाळीवाल्यांसाठी वेळ बदलता येईल. पण जे घरी असतात आणि तरी येत नाहीत त्यांचे काय? पाळीचे कारण तुमचे, त्याची सावली घेणारे दुसरेच.

दुसरा आवाज
दोघेही हजेरीवर अडकलात. आमच्याकडे सरावाला शंभर टक्के उपस्थिती असते आणि तरी बाकांवर कुणी गात नाही. कारण पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वरापासून गाणे उचलायचे ते.

मुख्य गायिकेला काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी शोभते, म्हणून गाणे काळी पाचमध्ये. चाल अंतऱ्यात वरच्या सप्तकातल्या पंचमापर्यंत जाते. ती तिथे छान चमकते, आणि खाली बसलेल्या बायका तोंड मिटून ऐकतात. तीच चाल पांढरी पाचला आणली की वरचा सूर साध्या गळ्याच्या आवाक्यात येतो आणि पुरुषांना सप्तकभर खाली गाता येते. की-बोर्डवर त्यासाठी बटण आहे, दोन सेकंदांचे काम. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर बघून पट्टी ठरवा, कुणाचा गळा बघून नको. मी हे सुचवले तर ‘गाण्याचा उठाव जातो’ असे उत्तर मिळाले. उठाव कुणासाठी हवा आहे?

सरावात हे ठरत नसेल, तर त्या सरावाला न येणाऱ्याचे फार काही चुकत नाही.

नगरकर उपासक
मी प्रॉटेस्टंट मंडळीतला, त्यामुळे तुमच्या मिस्साच्या बारकाव्यांत पडत नाही. आमच्याकडे ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक घरोघरी असते. त्यात ना. वा. टिळकांचीच दोनशेहून जास्त पदे आहेत आणि ती आजीपासून नातवापर्यंत पाठ. पाळकांनी क्रमांक सांगितला की पेटीवर सूर धरेपर्यंत मंडळी पहिल्या ओळीवर असते. कोयर, म्हणजे गायकवृंद, त्यात विरघळून जातो.

खरी बेशिस्त दर रविवारी नवे गाणे आणण्याची आहे. इंटरनेटवर ऐकले, आवडले, शनिवारी बसवले, रविवारी सादर. मंडळीला ते कधी यायचे? वर्षात मोजकी नवी गाणी घ्या आणि प्रत्येक लागोपाठ चार-पाच रविवार गा. मग बघा, शनिवारच्या सरावावर इतका भार राहत नाही.

दुसरा आवाज
हे शंभर वेळा मान्य. आमच्याकडे कालपरवा एकाने मिस्साला तयार ट्रॅक लावायचा प्रस्ताव आणला. ट्रॅक फादरसाठी थांबत नाही, एवढे सांगून विषय मिटवला.

नियमाने चला
इथे सगळे सोयीचे बोलताहेत. गायकवृंद म्हणजे भजनी मंडळ किंवा ऑर्केस्ट्रा नव्हे, उपासनेतला तो एक सेवाधर्म आहे आणि त्याचे लेखी नियम आहेत. वाचनानंतरच्या प्रतिसाद स्तोत्राच्या जागी आवडीचे गाणे घालता येत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाद्ये फक्त गाण्याला आधार द्यायला, स्वतंत्र वादन नाही. अपवाद त्या काळातला चौथा रविवार आणि मोठे सण. किती गायकवृंद हे पाळतात? आमच्या भागात उपवासकाळातही की-बोर्डवाला दोन कडव्यांच्या मध्ये सिनेमासारखे तुकडे वाजवतो. पोप दहावे पायस यांनी 1903 मध्येच पत्र काढून देवळातल्या नाटकी संगीताला लगाम घातला होता. ढोलकी तर त्यात बसतच नाही.

दुसरा आवाज
1903 चे पत्र काढलेत तर पुरते काढा. त्यात पियानोला बंदी होती आणि गायकवृंदात बायकांनाही. मी उठून जाऊ का?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेवरच्या आपल्या 1963 च्या दस्तऐवजात मिशन प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीत परंपरेला योग्य मान द्यायला सांगितले आहे. वसईत मराठीतून मिस्सा होतो, त्यामागेही तीच परिषद आहे. उपवासकाळाचा नियम मात्र तुम्ही बरोबर सांगितलात. त्यावर माझा वाद नाही.

नाताळचा ढोलकीवाला
ताई, धन्यवाद. मीही उपवासकाळात ढोलकी गवसणीत ठेवतो, कुणी न सांगता. पण साध्या रविवारी चार मात्रांचा सरळ ठेका धरला, तर म्हाताऱ्यांनाही लय सापडते. लग्गीचे जलद, नखरेल बोल मारायला लागलो तर जरूर हात धरा.

पांढरी दोन
पट्टीचे आणि नव्या गाण्यांचे मी रविवारी मांडतो. ते माझ्या डोक्यातच नव्हते. तरीही सरावाच्या नियमावर ठाम आहे, उलट जास्तच. पट्टी बदलली हे ज्याला माहीत नाही, तो सवयीने जुन्या सुरात उचलणार. माइकवरून.

नाताळचा ढोलकीवाला
मग सराव शनिवारी रात्री साडेआठला ठेवा. मी येईन, न जेवता येईन. पण एक सांगा, की-बोर्डवाल्याचा सराव चुकला तर त्यालाही बाकावर बसवणार का? तो एकटाच आहे.

पांढरी दोन
बसवणार. त्या दिवशी वाद्याशिवाय गाऊ.

नगरकर उपासक
त्यासाठी गाणी पाठ लागतात, बरं का. त्याची तयारी आजपासून करा.