विळीने बोट कापल्यावर नेमकं काय करायचं? हळद, चुना, डेटॉल की आणखी काही?

सुगरण_सातारा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे रोज 60 डब्यांचा स्वयंपाक असतो. सकाळी चौघीजणी भाजी चिरायला बसतात, दोघी विळीवर आणि दोघी सुरीने. आठवड्यातून एकदा तरी कुणाचं बोट कापतंच, नाहीतर किसणीवर सालटं निघतं. मग प्रत्येकीचा उपाय वेगळा. एक हळदीची चिमूट दाबते, दुसरी चुना लावते, तिसरी डेटॉल बाटलीतून सरळ बोटावर ओतते. चौथीचं म्हणणं, पातं गंजकं आहे, आधी टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) घ्या. वरून चिकटपट्टी लावली तर ती कणीक मळताना निघून येते.

मला पाच गोष्टी विचारायच्या आहेत. रक्त थांबवायची बरोबर पद्धत कोणती? जखमेवर काय लावायचं आणि काय नाही? पाण्यातल्या कामात पट्टी टिकवायची कशी? दवाखान्यात कधी जायचं? आणि टीटी दर वेळी लागतो का? डब्याच्या स्वयंपाकाला चालेल अशी पेटी तयार ठेवायची आहे.

परिचारिका_चिंचवड

ताई, काय लावायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. दाबणं आणि धुणं या दोन गोष्टी नीट झाल्या की बहुतेक काम झालेलं असतं.

आधी बोटातली अंगठी काढा. नंतर सूज आली तर ती निघत नाही आणि रक्तपुरवठा अडतो. मग स्वच्छ सुती रुमाल किंवा गॉज जखमेवर ठेवून अंगठ्याने घट्ट दाबा आणि हात छातीच्या वर धरा. घड्याळ लावून 10 मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दर मिनिटाला कापड उचलून बघितलं की नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवा. मोकळा कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर आवळून बांधायचं तर अजिबात नाही. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर 15 ते 20 मिनिटं धरायची तयारी ठेवा.

रक्त आटोक्यात आलं की नळाच्या वाहत्या पाण्याखाली 3 ते 5 मिनिटं धुवा. आजूबाजूची कातडी साबणाने, जखम मात्र नुसत्या पाण्याने. पिण्यायोग्य नळाचं पाणी चालतं. टाकीच्या किंवा विहिरीच्या पाण्याचा भरवसा नसेल तर उकळून गार केलेलं घ्या, किंवा औषधाच्या दुकानातली 100 मिलीची सलाईनची बाटली ठेवा. घरी करायचं तर 1 लिटर उकळलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा, आणि ते त्याच दिवशी वापरून टाकायचं. धुताना थोडं रक्त परत आलं तर घाबरू नका, आणखी 5 मिनिटं दाबा.

डेटॉल पाणी न घालता ओतलं की जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मरतात आणि कातडी भाजल्यासारखी पांढरी पडते. वापरायचंच असेल तर साधारण 20 पट पाणी घालून, आणि तेही आजूबाजूची कातडी पुसायला. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघून घाण बाहेर येतेय असं वाटतं. तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींमधल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो, स्वच्छ जखमेवरही येतो. रोज घातलं तर जखम भरायला उशीर होतो.

यानंतर पोव्हिडोन आयोडिनच्या 5 टक्के मलमाचा पातळ थर पुरतो. थायरॉईडचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर तेही टाळा आणि साधी पेट्रोलियम जेली लावा. जखम किंचित ओलसर राहिली की नवी कातडी लवकर सरकते. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर हे दाखवून दिलं, तरी आपल्याकडे ‘जखम वाळू दे, खपली धरू दे’ हेच चालू आहे. बोटाच्या पेरावर सुकी खपली प्रत्येक वेळी बोट वाकवताना तडकते. ज्यांच्या कातडीला सोफ्रामायसिन मलमाने खाज येते, पुरळ उठतं, त्यांनी ते थांबवावं. त्यातलं फ्रामायसेटिन हे निओमायसिन या प्रतिजैविकाच्याच घरातलं आहे आणि या गटाची अॅलर्जी नेहमी दिसते. लोक तिला जखम चिघळली समजतात आणि आणखी जाड थर देतात.

चुना मात्र आजपासून बंद करा. ओला चुना तीव्र अल्कली असतो. रक्त थांबल्यासारखं दिसतं, कारण वरचा थर जळून घट्ट होतो. म्हणजे कापल्यावर वर भाजणंही आलं. टूथपेस्ट, चहापूड, तंबाखूची राख, शेण यातलं काहीही नको.

बटवा

वरचं सगळं पटलं, पण हळदीला चुन्याच्या रांगेत कुणी बसवू नये म्हणून लिहितो.

हळदीतल्या कर्क्युमिनला जंतुरोधक आणि सूज उतरवणारे गुण आहेत, प्रयोगशाळेत ते दिसलेलेही आहेत. अडचण डब्यातल्या हळदीची आहे. ती निर्जंतुक नसते. कंद मातीतून येतो, उघड्यावर वाळतो, गिरणीत दळला जातो, आणि मसाल्यांच्या पुडीत जंतूंचे बीजाणू (कडक कवचातलं सुप्त रूप) टिकून राहतात. घरातल्या मिसळणाच्या डब्यात ओला चमचा, कणकेचा हात गेलेला असतो तो वेगळाच. बाजारातल्या सुट्या हळदीत पिवळेपणासाठी लेड क्रोमेटची भेसळ सापडलेली आहे, म्हणजे शिसं. शिवाय जखमेत हळद भरली की कडा किती फाकल्या आहेत, आत पांढरा स्नायुबंध दिसतोय का, हे काहीच कळत नाही. डॉक्टरांना टाके घालण्याआधी ती सगळी खरवडून धुवावी लागते आणि ते फार दुखतं.

‘पण हळदीचं पेटंट तर आपण जिंकलो’ असं इथे कुणीतरी म्हणेलच. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक असताना त्याला आव्हान दिलं गेलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण रद्द होण्याचं कारण असं, की हा उपयोग भारतात आधीपासून माहीत होता, त्यात नवीन काही नव्हतं. डब्यातली हळद उघड्या जखमेत भरणं सुरक्षित आहे का, हा त्या निकालाचा विषयच नव्हता.

हळद लावायचीच असेल तर जखम मिटल्यावर, वरच्या कातडीला, तेलात कालवून लावा.

असंच दगडी पाल्याचं. शेतात बांधावर काम करताना कापलं की त्याची पानं चुरगळून रस पिळायची पद्धत गावोगाव आहे, आणि रक्त थांबायला त्याची मदत होते असं जाणते सांगतात. ही वनस्पती मुळात अमेरिकेच्या उष्ण भागातली, आपल्याकडे तण म्हणून पसरली आणि बटव्यात जाऊन बसली. पण पान बांधावरचं, त्यावर माती आणि जनावरांची विष्ठा. धनुर्वाताचे बीजाणू नेमके तिथेच असतात. शेतात दुसरं काही नसेल तर बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याने धुवा आणि रुमालाने दाबा.

तुरटीचा एक उपयोग खरा आहे, दाढीच्या ओरखड्यावर. ओला खडा क्षणभर फिरवला की बारीक केशवाहिन्या आकसतात. विळीच्या खोल कापावर तुरटीची पूड भरू नये.

भटारखाना

पट्टी टिकण्याचं सांगतो, कारण डब्याच्या कामात खरी कसोटी तीच.

प्लॅस्टिकची पट्टी बोटावर टिकत नाही. कापडी, ताणली जाणारी पट्टी घ्या. बोट पूर्ण कोरडं करा, आजूबाजूला मलमाचा किंवा तेलाचा अंश राहिला की चिकट बाजू सुटलीच. पेरावर कापलं असेल तर पट्टीच्या दोन्ही चिकट टोकांना लांबीच्या दिशेने मधून चीर द्या, गादीपर्यंत. आता चार शेपट्या झाल्या. गादी जखमेवर ठेवून दोन शेपट्या पेराच्या वर आणि दोन खाली गुंडाळा, म्हणजे बोट वाकलं तरी पट्टी सरकत नाही. बोटाच्या टोकाला कापलं असेल तर एक पट्टी टोकावरून उभी आणि दुसरी तिच्यावरून आडवी, गोल. घट्ट झाली का ते बघायला नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख 2 सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं.

त्यावर रबराची बोटटोपी, ती औषधाच्या दुकानात मिळते, आणि त्याही वर नायट्राईलचा हातमोजा. नुसती टोपी कणकेत निघून येऊ शकते. काम संपलं की टोपी लगेच काढा. आत घाम धरतो, कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होते, आणि अशी फुगलेली कातडी चटकन फाटते. पट्टी ओली झाली की लगेच बदलायची, नाहीतर दिवसातून एकदा.

मागवता आल्या तर निळ्या पट्ट्या मागवा. मोठ्या भटारखान्यांत त्याच वापरतात, कारण निळ्या रंगाचं अन्न जवळजवळ नसतंच, भाजीत पडली तर पटकन दिसते. कातडीच्या रंगाची पट्टी पिठल्यात शोधून सापडत नाही.

आणि एक गोष्ट कडक पाळा: बोटाला पू झाला असेल तर त्या ताईंना आठवडाभर अन्नाला हात लावू देऊ नका. हातमोजा घालूनही नाही. पुवातल्या स्टॅफिलोकॉकस जंतूचं विष अन्नात तयार झालं की ते उकळूनही जात नाही. थंड झालेला भात, दुधाचे पदार्थ, कोशिंबीर यांतून काही तासांत उलट्या सुरू होतात. 60 डबे म्हणजे 60 घरं. त्या दिवसांत त्यांना हिशेब, डबे लावणं अशी कामं द्या, आणि पगार कापू नका, नाहीतर बोट लपवलं जाईल.

मालवणी_तिखलं

सातारकर ताईंना मासे नसतील, पण हा धागा वाचणाऱ्या कोकणातल्या, गोव्यातल्या मंडळींसाठी: मासे साफ करताना झालेली जखम भाजीच्या कापासारखी समजू नये. माशाच्या काट्याने टोचलेलं भोक बारीक दिसतं, पण खोल असतं आणि वरून लगेच बुजतं. दाबून थोडं रक्त येऊ द्या, भरपूर धुवा, काट्याचा तुकडा आत राहिलाय का बघा. दोन-तीन दिवसांत बोट जांभळट लाल, ठणकणारं झालं तर डॉक्टरांना ‘मासे साफ करताना लागलं’ हे मुद्दाम सांगा, कारण त्या जंतूंवरची औषधं वेगळी लागू शकतात. शिंगाळ्याचा काटा लागला तर वेदना विषाची असते. हात सोसेल इतक्या गरम, 45 अंशांच्या आसपासच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी माशाची जखम अंगावर काढूच नये.

सुगरण_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. टीटीचं आणि दवाखान्याचं राहिलं. आणि किसणीवर किंवा सुरण कापताना बोटाच्या टोकाचा तुकडाच उडाला तर?

परिचारिका_चिंचवड

टीटी: धनुर्वात गंजामुळे होत नाही. बीजाणू माती, शेण, धूळ यांत असतात. चकचकीत सुरीला माती असेल तर धोका आहे, आणि गंजकी पण धुतलेली विळी तितकी धोक्याची नाही. लहानपणापासूनचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, वरवरच्या कापाला शेवटच्या डोसनंतर 10 वर्षं होईपर्यंत इंजेक्शन लागत नाही. माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेला ही मुदत 5 वर्षं धरतात. डोस कधी झाले हे आठवतच नसेल तर घ्यायचंच. शक्यतो त्याच दिवशी घ्या, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी, टाळू नका. सरकारी दवाखान्यात आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण आहे. गरोदरपणातले डोसही मोजायचे. चौघींच्या तारखा पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवा, म्हणजे दर वेळी वाद नको.

दवाखाना: 10 मिनिटं सलग दाबून पुन्हा 10 मिनिटं दाबलं तरी रक्त वाहतंय, कडा फाकून आतली पिवळी चरबी दिसतेय, काच किंवा पात्याचा तुकडा आत आहे, यातलं काहीही असेल तर लगेच निघा. टाके 6 ते 8 तासांच्या आत पडलेले चांगले. रक्त थांबल्यावर आणखी एक तपासणी घरीच करा, ती फार जणी करत नाहीत. बोटाचं प्रत्येक पेर वेगवेगळं वाकवून आणि सरळ करून बघा, त्याला दुसऱ्या हाताने हलका विरोध करा, आणि बोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श सारखा कळतोय का ते बघा. एखादं पेर वाकत नसेल किंवा एक बाजू बधिर असेल, तर जखम 1 सेंटिमीटरचीच असली तरी स्नायुबंध किंवा संवेदना नेणारा मज्जातंतू कापलेला असू शकतो.

पुढच्या दोन-तीन दिवसांत लाली पसरणं, ठणका वाढणं, पू, ताप, हातावर वर चढणारी लाल रेघ ही चिघळल्याची लक्षणं. अख्खं बोट सुजून अर्धवट वाकलेलं राहिलं आणि सरळ करताना कळ आली तर रात्रीसुद्धा थांबू नका. मधुमेह असेल तर साध्या कापाकडेही रोज बघायचं.

तुकडा: किसणीवर साल अर्धवट सुटली असेल तर ती कापून टाकू नका, धुऊन जागेवर पसरवा आणि पट्टी लावा, खालच्या जखमेला तेच उत्तम आवरण. टोकाचा मांसाचा तुकडा उडाला, हाड दिसत नाही आणि जखम 1 सेंटिमीटरपेक्षा लहान आहे, तर बहुधा 3 ते 4 आठवड्यांत आपोआप भरून येते. तरी पहिल्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. मोठा तुकडा असेल तर ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून बरोबर न्या. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात.

फेव्हिक्विकने कडा चिकटवणाऱ्यांसाठी: टाक्यांऐवजी वापरायचा वैद्यकीय गोंद त्याच कुळातला असला तरी वेगळा असतो. दुकानातल्या गोंदाने उष्णता होते, कातडी भाजते आणि घाण आत कोंडते.

पेटीत ठेवा: 5 सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉज 20, कापडी पट्ट्या 50, 1 इंची मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी), 100 मिलीच्या सलाईनच्या 2 बाटल्या, आयोडिनचं मलम, पेट्रोलियम जेली, लहान कात्री, चिमटा, बोटटोप्या, हातमोजे. सलाईनची उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायची नाही. पेटी शेगडीजवळ नको, उष्णतेने पट्ट्यांचा चिकटपणा जातो.