गावाकडे होमस्टे चालवणाऱ्या बायकांना नक्की कसलं ट्रेनिंग हवंय?

सिंहगडरोडवाली
नमस्कार मंडळी. माझी धाकटी जाऊ राजगडाच्या पायथ्याला दोन खोल्यांचा होमस्टे चालवते, ट्रेकर लोक येतात, पिठलंभाकरी, इंद्रायणीचा भात, आधी सांगितलं तर गावरान कोंबडा. मागच्या महिन्यात तिला पुण्यात तीन दिवसांच्या ट्रेनिंगला बोलावलं होतं, पहाटेची एसटी धरून यायची आणि रात्री परत, कारण म्हशीची धार कोण काढणार. शिकवलं काय तर नॅपकिनच्या घड्या, बुफे कसा मांडायचा आणि पाहुण्यांशी हसून बोला! ती म्हणे, अगं लोकं ओसरीवर मांडी घालून जेवतात, नॅपकिन कुठं ठेवू? सर्टिफिकेट मात्र देवघराशेजारी लावलंय. आता त्यांच्या बचत गटाला पुढच्या ट्रेनिंगसाठी मागणी लिहून द्यायचीय आणि मी पुण्यात ऑफिसला जाते म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात. पण मला यातलं काय कळतंय? कुणी स्वतः चालवत असाल तर सांगा ना.

जुन्नरची_शिवारवाली
ताई, पहिल्या नंबरला हिशोब लिहा, बाकी सगळं नंतर. स्वयंपाक आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, रेट कसा काढायचा ते शिकवा. मी दोन वर्षं कोंबड्याची थाळी ३०० ला देत होते, हातात रोख यायची म्हणून वाटायचं चांगलं चाललंय. मग लेक बारावी कॉमर्सला गेली आणि एक दिवस वही घेऊन बसली. सहा जणांचा ग्रुप, १८०० आले. दोन कोंबडे घरचे म्हणून मी फुकट धरलेले, ती म्हणाली बाजारात विकले असते तर १२०० आले असते, तेल मसाला खोबरं २००, तांदूळ आणि पीठ १५०, गॅस १००. उरले दीडशे! मी आणि सासूबाई दोघी पाच तास चुलीपुढं, त्यापेक्षा कांदा काढायला गेलो असतो तर जास्त सुटले असते. घरचं म्हणजे फुकट हे डोक्यातून काढणं हेच मोठं ट्रेनिंग आहे बघा.

दुसरं, नाही म्हणायला शिकवा. "बसायची सोय आहे का" असं फोनवर विचारतात, त्याचा अर्थ कळायलाच मला एक सीझन लागला 😄 आता गटात आम्ही एकमेकींवर सराव करतो, एक पिणारं गिऱ्हाईक होते, दुसरी नाही म्हणते. पहिल्यांदा सगळ्या हसत होत्या, पण आता फोनवर आवाज कापत नाही. आणि आमच्याकडं अंधार पडल्यावर बिबट्या, तालुका २०१८ ला राज्यातला पहिला विशेष पर्यटन तालुका झाला खरा पण रात्री पाहुण्याला उसाच्या कडेनं फिरू द्यायचं नाही हे त्याला न घाबरवता सांगायचं कसं, साप चावला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे कुठल्याच ट्रेनिंगात नव्हतं.

पेठेतला_ट्रेकर
गिऱ्हाईकाच्या बाजूने सांगतो. इंग्लिश स्पीकिंग आणि वेबसाइट शिकवा, आजकाल त्याशिवाय चालत नाही. आणि टॉयलेट. जेवण कसंही चालेल पण टॉयलेटला आतून कडी आणि बादलीत पाणी पाहिजेच, आमच्या ग्रुपमधल्या मुली आधी तेच विचारतात.

जुन्नरची_शिवारवाली
दादा टॉयलेटचं एकदम मान्य. पण इंग्लिश कशाला? माझ्याकडं येणारे निम्मे तर कोथरूडचे असतात. मॅपवरचं लोकेशन नीट टाकायला शिकवा आधी, आमची पिन दीड वर्ष शेजारच्यांच्या विहिरीवर होती.

गटाची_ताई
मी बचत गटांसोबत काम करते. ट्रेनिंगमध्ये कागदपत्रांना एक अख्खा दिवस मागा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, त्यात नोंदणी करता येते, आणि २०२३ ला पर्यटन विभागाचं 'आई' धोरण आलं त्यात नोंदणी केलेल्या महिलांच्या व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं, सात वर्षं किंवा साडेचार लाख होईपर्यंत. ऐकायला झकास. पण व्यवसाय बाईच्या मालकीचा आणि तिनंच चालवलेला पाहिजे, आणि इथंच गाडी अडते, सातबारा सासऱ्यांच्या नावावर, लाईटबिल दिराच्या नावावर, आणि राबते ती. शिवाय कर्ज आधी बँकेनं द्यायला पाहिजे, व्याज आधी आपण भरायचं आणि मग परत मिळतं, म्हणजे पुन्हा वही लिहिणं आलंच.

वेळेचं पण लिहा. आरसेटीची, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची, ट्रेनिंगं चांगली असतात, फुकट, राहणं जेवण सगळं, पण राहायचं म्हटलं की निम्म्या बायका गळतात. हुरड्याच्या दिवसात ठेवू नका, पावसाळ्यात भातलावणी आणि वर शनिवार-रविवारची गर्दी. तुमच्या भागात होळी ते अक्षय्य तृतीया बरं पडेल, ऊन असतं, ट्रेकर कमी. गावातच ठेवा, अकरा ते तीन, आणि हॉलमध्ये नको, कुणाच्या तरी चालू होमस्टेत ठेवा म्हणजे तिथलंच टॉयलेट, तिथलीच चूल बघून बोलता येईल.

सिंहगडरोडवाली
सगळ्यांना थँक्यू, खूपच कामाचं मिळालं. काल रात्री जावेला फोनवर वाचून दाखवलं, कोंबड्याचा हिशोब ऐकून ती बराच वेळ गप्पच होती. मग म्हणाली, वहिनी ते ट्रेनिंगचं राहू द्या, आधी स्कॅनर माझ्या नावाचा करून द्या. मला माहीतच नव्हतं, पाहुणे स्कॅन करतात ते पैसे भाऊजींच्या खात्यात जातात, आणि तिला किती आले ते विचारावं लागतं. म्हटलं सोपं आहे, पाच मिनिटांत करू. तर तिच्या खात्याला मोबाईल नंबर पण भाऊजींचाच लावलाय! कुणी बँकेत नंबर बदलून घेतलाय का? काय काय न्यावं लागतं?

जुन्नरची_शिवारवाली
आधार, पासबुक आणि अर्धा दिवस. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. आणि तिलाच खिडकीशी उभं करा, तुम्ही मागं थांबा.