दाबोळीची धावपट्टी आणि बर्लिनचा दाखला

प्रश्न: गोव्यात मोपा येथील नव्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाल्यावर दाबोळीचा जुना विमानतळ बंद पडणार, ही चर्चा आमच्या वास्कोत सतत ऐकू येते. बंद झालेल्या विमानतळांचे पुढे काय करतात?

उत्तर: बर्लिनचे टेंपलहॉफ पाहावे. १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत जिथे पीठ आणि कोळसा घेऊन विमानांची रीघ लागत असे, तो विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. आज त्याच धावपट्ट्यांवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, आणि कडेला घरे बांधण्याचा बेत नागरिकांनी २०१४ च्या सार्वमतात हाणून पाडला.

दुसरे उत्तर: दाखला चांगला आहे, परंतु येथे लागू पडत नाही. पोर्तुगिजांनी बांधलेल्या या धावपट्टीवर १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले, आणि गोवामुक्तीनंतर ती नौदलाकडे गेली. नौदलाचा ‘हंसा’ तळ आजही तेथेच असल्याने नागरी विमाने थांबली तरी जमीन मोकळी होणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतच राहणार.