ऑक्सिजन सेन्सर बदलूनही पी०१७१ कोड परत येतो

प्रश्न:
माझी पेट्रोल गाडी सोळा वर्षांची आहे. पंधरवड्यापूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मेकॅनिकने ऑक्सिजन सेन्सर बदलून कोड पुसला, परंतु चौथ्याच दिवशी दिवा पुन्हा लागला आणि या वेळी सोबत पी०३०१ हाही कोड होता, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणे). सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरते. वेगात मात्र काहीही जाणवत नाही. आता इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. आणखी एक भाग अंदाजाने बदलण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १:
इंजेक्टरला तूर्त हात लावू नये. मिश्रण पातळ असल्याची खबर ऑक्सिजन सेन्सरच देतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर जातो आणि बहुतेक वेळा निरोप्याच बदलला जातो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो त्याचा, आकडा पाहावा. इंजिन पूर्ण तापल्यावर तो एकदा आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू, अॅक्सिलरेटर न दाबता) आणि एकदा २५०० आरपीएमवर नोंदवावा. आयडलिंगवर आकडा बराच वर असून वेग वाढवताच खाली येत असेल, तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, कुठून तरी न मोजलेली हवा शिरत आहे, कारण गळतीतून येणारी हवा आयडलिंगच्या तुटपुंज्या हवेच्या तुलनेत मोठी ठरते आणि थ्रॉटल उघडल्यावर नगण्य होते. उलट भार वाढताना आकडा चढत असेल, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर पाहावा. कोड नोंदला त्या क्षणाचा फ्रीझ फ्रेमही, म्हणजे तेव्हाच्या इंजिनाच्या स्थितीची नोंद, वाचून घ्यावा.

उत्तर २:
वरील क्रम योग्य आहे, पण मी पी०३०१ आधी निकालात काढला असता, कारण त्याला खर्च नाही. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल करून गाडी चालवावी. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचा. तो पी०३०१ राहिला तर कॉइल निर्दोष, मग त्याच रीतीने प्लग. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि सेन्सरला मिश्रण पातळ भासते, त्यामुळे दोन्ही कोडांचे मूळ एकच असू शकते. दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर गाडी पुढे दामटू नये. न जळलेल्या पेट्रोलाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गातला धूर शुद्ध करणारा भाग) तापून निकामी होतो.

प्रश्नकर्ता:
दोन्ही तपासण्या केल्या. कॉइलची अदलाबदल करूनही कोड पी०३०१ च राहिला. फ्रीझ फ्रेममध्ये ७८० आरपीएम, म्हणजे गाडी उभी होती. ट्रिम आयडलिंगवर +२३ टक्के आणि २५०० आरपीएमवर +६ टक्के आहे.

उत्तर १:
मग हवागळतीच. व्हॅक्यूम पाइप वरून पाहून समाधान मानू नये. प्रत्येक पाइप, विशेषतः पीसीव्हीचा (इंजिनाच्या खालच्या भागातले वायू इनटेकमध्ये परत नेणारा), बोटांनी वाकवून खालच्या बाजूने पाहावा. काही जण चालू इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधतात. गरम सायलेन्सरशेजारी तो खेळ मी करत नाही. इनटेकमध्ये धूर सोडून तपासणे सुरक्षित आणि खात्रीचे.

प्रश्नकर्ता:
धुराची वेळच आली नाही. पीसीव्ही पाइप इनटेकला पहिल्या सिलिंडरजवळ जोडलेला आहे आणि तिथल्या वळणावर खालून बोटाच्या पेराएवढी चीर होती. पाइप जागेवर असताना ती मिटलेली दिसते, वाकवला की उघडते. नवा पाइप बसवून कोड पुसले. आठवडाभराने आयडलिंगवर ट्रिम +३ टक्के आहे, थरथर थांबली आहे आणि दोन्ही कोड आलेले नाहीत.

उत्तर २:
उत्तम. प्रदूषण तपासणी स्कॅनर जोडून होणार असेल, तर कोड पुसल्यावर लगेच जाऊ नये. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे कोड पुसल्यावर गाडीच्या संगणकाने नव्याने करायच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण होईपर्यंत गाडी थंड इंजिनापासून सुरू करून शहरात आणि महामार्गावर काही दिवस चालवावी. काढलेला सेन्सर फेकला नसल्यास जपून ठेवावा, तो बहुधा चांगलाच असेल.