थरार हवाच, पण लाइट बंद ठेवून

'थरार नसेल तर फील्डवर्कचे व्हिडिओ कोण बघणार' हे प्राण्यांच्या अभ्यासाच्या व्हिडिओंबद्दलचं एकाचं म्हणणं मला अर्धंच पटलं. २०२२ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर (ती कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र) बसवला, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच. बसवायचा म्हणजे कवच घासून स्वच्छ करायचं, इपॉक्सी हा पक्का गोंद लावायचा आणि तो घट्ट होईपर्यंत वाळू उडवणाऱ्या कासवाला आवरून धरायचं. हाच थरार, हेच दाखवा की! पुढे सिग्नल मिळतो तोही ती श्वास घ्यायला वर आली तरच. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी फारशा जातच नाहीत. फ्लॅश मात्र अजिबात नको. अंडी घालायला येणारी मादी उजेड दिसला की माघारी फिरू शकते. मग शूट काय करणार, डोंबल?