कीर्तनात पखवाजाची कणीक सुटते. डाव्यालाही शाई चढवू का?

टाळकरी_सातारा: रामकृष्णहरी. गावच्या सप्त्यात पखवाज वाजवतो. परवा ऐन गजराला डाव्या पुडीवर (चामड्यावर) आवाज खाली आणायला लावलेली कणीक एका कडेने सुटली आणि 'धा' पत्र्यासारखा वाजू लागला. टाळकरी रंगात आलेले, बुवा नाचतायत आणि मी अंगठ्याने कणीक दाबतोय. घरूनच लावून नेली होती. दुकानदार म्हणतो, तबल्याच्या डग्ग्यासारखी कायमची शाई, म्हणजे काळा लेप, चढवून घ्या.

भजनी_मंडळ: आमच्या डाव्याला शाईच आहे. कटकट नाही.

वाईकर_मृदंगी: माउली, शाई नका चढवू. डग्ग्याची शाई एका बाजूला असते, उरलेल्या मोकळ्या चामड्यावर मनगट टेकवून, घासून घिस्सा (घुमारा) काढतात. पखवाजाच्या डाव्याला उघडी थाप लागते. शिवाय कणीक त्या त्या दिवशी कमीजास्त करता येते. चढ्या पट्टीचे बुवा असले की थोडी कमी, ढाल्या आवाजाचे असले की जास्त. शाईला हे कसं जमणार?

पोळ्यांची कणीक उचलून लावलीत का? तिच्यात तेल असतं, पकडच येत नाही. पीठ नुसत्या पाण्यात मळा, पोळीपेक्षा सैल. लावायची ती जागेवर गेल्यावरच. पुडीच्या मध्यावर ओलं बोट फिरवा, गोळा ठेवा आणि अंगठ्याने दाबत पुरीएवढा पसरा. मध्ये जाड, कडेला पातळ. कडेखाली हवा राहिली की तिथूनच सुटतं. मग 'धा' वाजवून बघा. चढा वाटला तर चिमूटभर वाढवा, गदगदला तर काढा. उजव्याच्या षड्जाखाली बरोबर एक सप्तक आला की हात आवरा. उजवा आधीच सुरात मिळवून घ्या, वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून, नाहीतर सगळी मेहनत वाया.

आमच्या शेजारच्या बावधनचे नाना पानसे. इंदूरला राहून त्यांनी पखवाजाचं घराणं उभं केलं. त्या परंपरेतले वादक आजही बैठकीला कणकेचा गोळा जवळ घेऊन बसतात. एवढ्या जाणत्या हातांना त्यात कधी कटकट वाटली नाही.

आणि कीर्तन संपलं की कणीक खरवडून पुडी पुसायचीच. मी एकदा थकून तसाच झोपलो, सकाळी उंदराने पुडी कुरतडलेली. रडू आलं होतं मला.

टाळकरी_सातारा: पोळ्यांचीच होती, आईच्या परातीतली! शाईचं रद्द. उन्हाळ्यात कणीक वाळून तडकते, तेव्हा?

वाईकर_मृदंगी: अभंग संपून बुवा बोलायला लागले की ओलं बोट फिरवत राहा. पिशवीत एक गोळा ओल्या फडक्यात जास्तीचा ठेवा.